सोनवणेबाईंचा पट्टा

आमच्या सेंटरला लिफ्ट नव्हती. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, खाली जीन्स शिवायचा कारखाना आणि दुसऱ्या मजल्यावर हृदयाच्या तपासण्या, अशी ती इमारत होती. चालताना छाती भरून येते म्हणून ज्याला पाठवलंय, त्याने आधी अडतीस पायऱ्या चढायच्या आणि मग वर येऊन "मला चालायला त्रास होतो" असं सांगायचं. मी तिथे रिपोर्ट टाइप करायला लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात हे डॉक्टरसाहेबांना बोलून दाखवलं. साहेब काही म्हणायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला, "असू दे गं. अर्धी तपासणी जिन्यातच होते."

तो आवाज सोनवणेबाईंचा. बुटक्या, गोल चेहऱ्याच्या. साडीवर पांढरा कोट, त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. अंबरनाथ पूर्वेहून शेअर रिक्षाने यायच्या आणि सगळ्यांच्या आधी यायच्या. नर्सचं शिक्षण नव्हतं, पण पेशंट त्यांना सिस्टर म्हणायचे, दीदी म्हणायचे, एक सिंधी आजोबा तर "डॉक्टरानी" म्हणायचे. बाई कुणालाच दुरुस्त करत नसत. कोटाच्या उजव्या खिशात पेन आणि डाव्या खिशात कच्चे तांदूळ. दिवसभर त्यातले चार-चार दाणे तोंडात टाकून कुटूकुटू चावत बसायच्या. "लहानपणची सवय," म्हणायच्या. आम्हीही मान डोलवायचो.

त्यांचं काम स्ट्रेस टेस्टचं. म्हणजे माणसाच्या छातीला वायरी लावायच्या, त्याला चालत्या पट्ट्यावर उभं करायचं, दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवायचा, ब्लडप्रेशर घ्यायचं आणि पडद्यावरच्या रेषेकडे बघत राहायचं. डॉक्टरसाहेब बाजूच्या खुर्चीत असायचे. कागदोपत्री बाई यंत्र चालवायच्या. खरं तर त्या माणूस चालवायच्या.

जिन्याची गोष्ट त्या थट्टेने बोलल्या नव्हत्या. अपॉइंटमेंटची वेळ झाली की त्या दाराशी उभ्या राहून कान द्यायच्या. खालून पावलं वाजायला लागली की हळू आवाजात धावतं वर्णन चालू. "दमदार चढतोय. उगाच पाठवलाय... हा दुसरा थांबला. मोबाइल काढला. कुणाचा फोन आलेला नाही, लाजतोय नुसता... ह्या बाई गुडघ्याने थांबतायत, काळजाने नाही." आणि माणूस आत आला की नाव विचारायच्या आधी मनगट धरायच्या. नाव मी विचारायचे.

"बसलेल्या माणसाचं काळीज शहाणंच असतं गं," त्या म्हणायच्या. "चालायला लावलं की स्वभाव कळतो. पाय मागतात, फुप्फुसं हवा आणतात, काळीज पोचवतं. तिघांचं जमलं तर संसार."

पट्ट्यावर माणूस चढला की बाई त्याला बोलायला लावत. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. बाईंनी स्वतः शोधून काढलं होतं. दम लागतोय का असं विचारलं की पुरुष हमखास "नाही" म्हणतात आणि बायका हमखास "हो", आणि दोघांचंही खरं नसतं, असं त्यांचं मत. त्यापेक्षा एखाद्या पदार्थाची कृती विचारायची. आधी लांबलचक वाक्यं येतात. मग वाक्यं आखूड होतात. मग वाक्याच्या मधेच श्वास येतो. "पूर्णविरामाच्या आधी श्वास घ्यावा लागला, की माझं मीटर पडलं," असं त्या म्हणत.

ह्याचा परिणाम असा झाला की बाईंकडे शेकडो पाककृती होत्या, आणि सगळ्या अर्धवट. दालपकवानची डाळ शिजेपर्यंत माहीत, पकवानाचा पत्ता नाही. बदलापूरच्या एका मास्तरांकडून पोपटीचं, म्हणजे वालाच्या शेंगांचं, मडकं भरण्यापर्यंत आल्या, ते पेटवायच्या आत मास्तरांचे ठोके एकशे साठच्या वर गेले. नंतर खाटेवर पडल्यावर पुढचं विचारावं तर माणूस जिवंत उतरल्याच्या आनंदात सगळं विसरलेला असायचा. बाईंना मात्र त्याची फिकीर नसे. खाटेवरची ती पाच मिनिटं त्या घड्याळ धरून गप्प बसायच्या. "धावताना सगळ्यांचंच काळीज धावतं. थांबल्यावर कोणाचं लवकर घरी येतं, ते बघायचं."

वांगणीच्या ठकूबाई आल्या तो दिवस मला अजून आठवतो. पासष्ट-सत्तरच्या, काळ्या, काटकुळ्या, कासोट्याचं लुगडं. हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं, सर्जनने आधी हृदय तपासून या म्हटलं. मुलगा एका फार्महाऊसवर राखण करायचा, तो बरोबर होता. साडी नेसून पट्ट्यावर चढायचं नाही असा बाईंचा दंडक. त्यासाठी कपाटात चार मापांचे पंजाबी ड्रेस धुऊन ठेवलेले असत. ठकूबाईंनी ड्रेसकडे नुसतं पाहिलं.

"ह्ये मी नाय घालायची. ह्यात पाय कुठं टाकायचा त्येच कळत नाय."

"आजी, लुगडं पायात येईल."

"साठ वर्सं नाय आलं, आज कसं येल?" असं म्हणून त्यांनी कासोटा आणखी आवळला आणि अनवाणी पट्ट्यावर उभ्या राहिल्या. बाईंनी दंडक मोडला. तो मोडलेला मी तरी तेवढाच पाहिला.

पहिली तीन मिनिटं गेली, दुसरी गेली. ठकूबाई दांडीला हात न लावता चालत होत्या आणि बाईंना भाताची लावणी सांगत होत्या. पूर्ण. राब भाजण्यापासून. तिसरा टप्पा आला, चढ चांगलाच उभा झाला. ठकूबाई कापणीपर्यंत आल्या. झोडणी झाली. बाई एकदा त्यांच्याकडे बघत होत्या, एकदा पडद्याकडे. शेवटी ठकूबाईच सांगणं मधेच सोडून म्हणाल्या, "ए बाई, कवाधरनं चालतंय, पर ती भित हाय तितंच हाय. तुजं गाव येनार तरी कवा?"

डॉक्टरसाहेब इतके हसले की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी पट्टा बंद केला आणि खाटेवर ठोके मोजले. दोन मिनिटांत जागेवर. मी विचारलं, हे कसं काय? तर म्हणाल्या, "काही लोक वाटीने पाणी भरतात, काही बादलीने. आयुष्यभर डोक्यावर भारे वाहिले ना आजीने, काळजाने बादली घेतली. खेपा कमी, पाणी तेवढंच." मग ठकूबाईंचा हात हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. नाडी मोजून झाली होती, तरीसुद्धा.

त्या काळात वीज केव्हाही जायची. ठरलेल्या वेळी जायची आणि न ठरलेल्या वेळीही जायची. एकदा ऐन तिसऱ्या टप्प्यात दिवे गेले, पट्टा थांबला, आणि एक जाडजूड कंत्राटदार वायरींसकट काळोखात उभा. बाईंनी क्षणभरही न घालवता "उतरा, जागच्या जागी पळा!" असा हुकूम सोडला, आणि जनरेटर चालू होईपर्यंत तो बिचारा मोबाइलच्या उजेडात फरशीवर दाणदाण उड्या मारत होता. खालून कारखान्याचा मुकादम वर आला, छत पडतंय की काय बघायला.

पण बाईंचं सगळंच हसण्यावारी जाणारं नव्हतं. लछूशेठच्या दिवशी मी त्यांची दुसरी बाजू बघितली.

लछूशेठ कापडबाजारातले व्यापारी, अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांना स्वतःला काही होत नव्हतं. आदल्या दिवशी त्यांच्या व्याह्यांनी आमच्याच पट्ट्यावर दहा मिनिटं काढली होती आणि संध्याकाळपर्यंत ती अख्ख्या बाजाराला सांगितली होती. शेठ आले ते सरळ म्हणाले, "दीदी, दस मिनिट मतलब क्या होता है? आपुन बारह करेगा. फिर रिपोर्ट पे बड़े अक्षर में लिखना."

बाईंनी कृती विचारली. शेठनी अम्मांच्या हातच्या सिंधी कढीला हात घातला. पहिल्या टप्प्यात बेसन भाजलं, दुसऱ्यात चिंच घातली, आवाज खणखणीत. पडद्यावरची रेषा ठीक. तिसऱ्या टप्प्यात बाईंनी ब्लडप्रेशर घेतलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. लगेच पुन्हा दंडावरचा पट्टा फुगवला, पुन्हा घेतलं. शेठ म्हणत होते, "फिर... भिंडी... फिर..."

बाईंनी बटण दाबलं.

"सोनवणे, ग्राफ ठीक आहे ना अजून," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"ग्राफ ठीक आहे साहेब. माणूस ठीक नाही. प्रेशर चढायचं ते उतरतंय."

शेठ भडकले. साडेसात मिनिटं! व्याह्याला काय तोंड दाखवू? मैं अभी तो गरम हुआ था! मशीन खराब आहे, बाई खराब आहे, मालक माझ्या ओळखीचे आहेत, सगळं झालं. बाईंनी त्यांना बोलू दिलं आणि बोलता बोलता दंड धरून खाटेवर निजवलं. त्यांचा हात शेठच्या मनगटावर होता आणि तोंडाने त्या "हो शेठ, बरोबर शेठ" म्हणत होत्या. खाटेवर दुसऱ्या मिनिटाला पडद्यावरची रेषा खाली बसायला लागली. दोरीवर ओला कपडा टाकावा तशी. डॉक्टरसाहेब खुर्चीतून उठले. जिभेखाली गोळी, ऑक्सिजन, फोनाफोनी. शेठनी लहान मुलासारखी बाईंच्या कोटाची बाही धरून ठेवली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत सोडली नाही. त्याच बाहीसकट बाई अडतीस पायऱ्या उतरून गेल्या.

मुंबईत तीन नळ्या बंद निघाल्या, बायपास झाली. त्या संध्याकाळी मी बाईंना विचारलं, तुम्हाला कळलं कसं? त्या तांदूळ चावत म्हणाल्या, "पाय जास्त मागत असताना प्रेशर वाढायलाच पाहिजे. त्या वेळी उतरलं म्हणजे काळीज हात जोडतंय, आता नाही होत. ते हात जोडत असताना आपण बारा मिनिटं मोजायची?" आणि खिशातले उरलेले तांदूळ एकदम तोंडात टाकले.

चार महिन्यांनी जिन्यात पावलं वाजली. बाईंनी कान दिला. "एकदाच थांबला. चांगलं आहे." लछूशेठ आत आले, आणि त्यांच्या मागे, कॉलरला धरून आणल्यासारखे, व्याही. शेठनी बाईंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "दीदी, इनका टेस्ट फिर से करो. मुझे वो दस मिनिट पे भरोसा नहीं है."

आता खरी गोष्ट सांगते. एवढ्या लोकांना पट्ट्यावर चढवणाऱ्या बाई स्वतः त्यावर कधी चढल्या नव्हत्या. आम्ही गमतीने म्हणायचो, "बाई, आज तुमचा नंबर," की त्या म्हणायच्या, "परीक्षक कधी पेपर सोडवतो का?"

एकदा मी लवकर आले. जिन्याच्या वळणावर बाई उभ्या होत्या आणि भिंतीवरची पाटी वाचत होत्या. "कारागीर पाहिजेत. ओव्हरलॉक, काजबटण. आत चौकशी करा." मला बघून म्हणाल्या, "बघ की, माणसं मिळत नाहीत यांना." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर आले. बाई तीच पाटी वाचत होत्या. तिसऱ्या दिवशीही. एवढ्या तीन ओळी वाचायला त्यांना पाच-पाच मिनिटं लागत होती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की ह्या सगळ्यांच्या आधी का येतात.

चौथ्या दिवशी मी खालपासूनच त्यांना गाठलं आणि बरोबर चढायला लागले. "बाई, बुद्धपौर्णिमेला तुम्ही डबा भरून खीर आणता ना, ती करता कशी?"

"सोपी आहे गं. दूध आटवायचं, तांदूळ... तुपात... जरासे..." बाई थांबल्या. मग माझ्याकडे रोखून बघितलं. त्यांना कळलं मी काय करतेय. "माझीच... विद्या... मलाच?"

"पूर्णविराम आला नाही बाई."

त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभराने, डबा खाताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "घरात कमावणारी मी एकटी आहे. यांची कंपनी बंद पडली त्याला सहा वर्षं झाली. पट्ट्यावर चढले आणि काही निघालं, तर? एकदा कळलं की न कळलेलं करता येत नाही गं." मग डब्याचं झाकण लावलं. "रोज दहा जणांना मी तेच कळवते ना. मला माहितीय कळल्यावर चेहरा कसा होतो."

त्या शनिवारी शेवटचा पेशंट गेल्यावर बाईंनी कपाटातून सर्वांत मोठ्या मापाचा पंजाबी ड्रेस काढला.

डॉक्टरसाहेबांनी स्वतः वायरी लावल्या आणि स्वतःच ब्लडप्रेशर घ्यायला लागले. कित्येक वर्षांत त्यांनी ते हाताने घेतलं नसावं. दंडाचा पट्टा उलटा बांधला. बाई चालता चालता ओरडल्या, "साहेब, नळी... खाली... येते!" मी दाराशी उभी होते, आणि हसू का रडू कळत नव्हतं. पहिलाच टप्पा, नुसती बाजारात चालावं तशी चाल, आणि ठोके दीडशेच्या पार. साहेब पडद्यावर डोळे लावून रेषा खाली बसायची वाट बघत होते. रेषा बसेना. ठोके तेवढे पळत होते. बाईंच्या नाकपुड्या फुलल्या, ओठ पांढरे पडले. साहेबांनी पट्टा थांबवला.

"रेषा एकदम ठीक आहे," साहेब म्हणाले. "मग दम कशाचा?" मग ते जवळ गेले आणि त्यांनी बाईंच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली. आत कागदासारखं पांढरं. साहेब मराठीवरून हिंदीवर घसरले. "सोनवणे, वो चावल आप कब से खाती हो?"

"लहानपण..."

"झूठ मत बोलो."

"चार-पाच वर्षं झाली असतील."

हिमोग्लोबिन साडेसहा निघालं. अंगावर जात होतं महिन्याचे पंधरा-पंधरा दिवस. चाळिशीनंतर असं होतंच, म्हणून बाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. रक्त नसलं की माणसाला तांदूळ, खडू, माती असं काहीबाही खावंसं वाटतं, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं. डॉक्टरसाहेब त्या रात्री जेवले नाहीत असं त्यांच्या मिसेस नंतर म्हणाल्या. "आठ साल से मेरे सामने बैठती है," एवढंच ते आमच्याकडे दोन-तीनदा बोलले.

बाई मात्र खाटेवर उठून बसल्या त्या हसतच. भीतीचं ओझं एकदम उतरलं होतं. "म्हणजे काळीज चांगलं?"

"फर्स्ट क्लास."

"फुप्फुसं?"

"वो भी."

"बघ गं," माझ्याकडे वळून म्हणाल्या, "दुकान उघडं, गोदाम भरलेलं, हमालच कामावर नाहीत. मग बिचारा शेठ एकटाच धावपळ करणार नाही तर काय?"

रक्ताच्या बाटल्या चढवल्या, मग गर्भपिशवी काढली, मग दोन महिने घरी. आम्ही खजूर, चणे-गूळ घेऊन बघायला गेलो, तर लछूशेठनी आमच्याआधीच डाळिंबांची करंडी पाठवलेली. बाई परत कामावर आल्या त्या दिवशी मी जिन्याच्या तोंडाशी त्यांची वाट बघत उभी होते, हात द्यायला. त्या मला मागे टाकून वर गेल्या आणि वरून ओरडल्या, "काय गं, गुडघे का काळीज?"

पुढे आम्ही बदलापूरला शिरगावात घर घेतलं, मुलं शाळेत गेली आणि माझी नोकरी सुटली. बाईंचे फोन यायचे, मग कमी झाले. त्यानंतर कित्येक वर्षांनी घडलेली ही गोष्ट. अंबरनाथ पूर्वेला एका नातेवाइकाकडे निघाले होते, दुपारचे चार वाजले असतील. एका वळणावर रिक्षा अडकली. पुढे वरात. बँडवाले घामाघूम, नवरदेवाची गाडी मुंगीच्या पावलाने, आणि गाडीच्या पुढे नाचणाऱ्यांच्या घोळक्यात एक बुटक्या बाई. पांढरी, जरीकाठी साडी, पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यातून केस सुटलेले. दोन्ही हात वर करून अशा नाचत होत्या की कॉलेजातली पोरं त्यांच्याभोवती रिंगण करून टाळ्या देत होती. एकाने त्यांना बाजूला ओढून पाणी दिलं. त्यांनी दोन घोट घेतले, उरलेलं त्याच्याच डोक्यावर ओतलं आणि परत आत घुसल्या. चेहरा डाळिंबासारखा लाल झाला होता.

मी हाक मारली. बँडपुढे माझी हाक कुठली ऐकू जायला!

वरात हळूहळू पुढे सरकत आमच्याच रस्त्याला वळली. रिक्षावाला वैतागून म्हणाला, "मॅडम, मागच्या गल्लीतून काढू का? पटकन सुटू."

"नको," मी म्हटलं. "इंजिन बंद कर."